नानांचा अंगठा

नाना वारले, हे अदुमान्सोतल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. बोलून दाखवायची मात्र कुणाची टाप नव्हती.

आमच्याकडे राजा मरत नाही. आजवर एकही मेला नाही आणि पुढेही कुणी मरणार नाही. त्याला जरा बरं नसतं, तो विश्रांती घेत असतो, तो शेतावरच्या खोपटात राहायला गेलेला असतो. मग सहा महिन्यांनी, वर्षाने, केव्हातरी पैशांची आणि मेंढरांची जमवाजमव झाली, भाऊबंदांची भांडणं दमून बसली, की कुळाचा कारभारी दरबारात उभा राहून बातमी जाहीर करतो, ढोल घुमतात आणि सगळ्या गावाने एकदम दचकायचं असतं. अगं बाई! कधी गं झालं? तोवर रडायचं नाही, काळं-तांबडं नेसायचं नाही, आणि तो शब्द तर चुकूनही उच्चारायचा नाही. उच्चारला तर दंडाची मेंढरं. आणि उच्चारणारा दरबारचा मानकरी असेल तर त्याचा मान गेला म्हणून समजा.

तर आमचे राजे, नाना अकुआमोआ, महिनाभर शेतावर होते. म्हणजे शहरातल्या दवाखान्याच्या तळघरात, थंड पेटीत, एका निवृत्त हेडमास्तरांच्या नावाने.

याचा सगळ्यात जास्त जाच झाला ओच्यामे बडूला. ओच्यामे म्हणजे राजाचं तोंड. राजा कुणाशी थेट बोलत नाही आणि राजाशीही कुणी थेट बोलत नाही. मधे हा उभा, सोन्याच्या पत्र्याने मढवलेली काठी हातात घेऊन. तुम्ही त्याला सांगायचं, त्याने राजाला सांगायचं, राजाने पुटपुटायचं आणि याने ते चार लोकांत शोभेल असं करून परत द्यायचं. नाना म्हणत, "हाकला त्या चोराला," आणि बडू म्हणे, "नाना म्हणतात, पाहुण्यांना ऊन व्हायच्या आत घरी पोचायचं असेल." अशी सव्वीस वर्षं गेली. त्यात दोघं लहानपणापासूनचे. मिशनच्या बागेतली संत्री दोघांनी मिळून चोरली होती आणि एकाच छडीचा मार दोघांनी मिळून खाल्ला होता. आता तो माणूस गेला, आणि बडूने तोंड असं ठेवायचं की जणू नुसती दाढ दुखतेय.

घरी बायको अफुआ होती म्हणून बरं. संध्याकाळ झाली की ती कांद्यांची टोपली त्याच्यापुढे सरकवायची. "आकोसुआचे बाबा, एवढे चिरा," म्हणायची, आणि पाठ फिरवून चुलीशी बसायची. त्या महिन्यात त्यांच्या घरच्या कालवणात कांदा फार झाला.

अशा मोक्यावर आमच्या गावात गुंतवणूक आली.

खरं तर ती नानांच्या हयातीतच यायला निघाली होती, आधी पुस्तकाच्या रूपाने. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर टोपली घेतलेली हसरी बाई. ती आमच्या देशातली नव्हती हे तिच्या लुगड्यावरूनच कळत होतं, पण हसत छान होती. पुस्तक घेऊन राजधानीहून, अक्राहून, क्वार्टे साहेब आले होते. परदेशी गुंतवणूक खेचून आणायचं एक सरकारी खातं आहे, त्यातले. खात्याचं नाव विचारू नका, दर निवडणुकीनंतर ते बदलतं. साहेबांचा कोट तेवढा तोच राहतो. पुस्तकात वर वर जाणारे बाण होते, हस्तांदोलनं होती, आणि शेवटून तिसऱ्या पानावर आभाळातून काढलेला आमच्या नदीकाठाचा फोटो होता. भोवती लाल रेघ. खाली लिहिलेलं, 'पडीक जमीन, तीन हजार एकर, तात्काळ उपलब्ध'.

अफुआने चष्मा लावून तो फोटो नाकाशी धरला होता.

"ही कोपऱ्यातली हिरवी टिकली म्हणजे माझा कसावा," ती म्हणाली. "ही बाजूची माझ्या शेजारणीची, एसी मान्साची. हा पडीक? मग मी काय रोज पहाटे तिथे झोपायला जाते?"

"वरून तसं दिसत असेल," बडू म्हणाला.

"मग म्हणावं खाली उतरा."

नदीकाठ बायकांचा. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे. अफुआला तो तिच्या आईकडून मिळालेला, आणि त्या कसाव्याच्या कंदांवर तिने चार पोरं वाढवली, दोन शिकवली, एक नर्स केली. पण कागदोपत्री ती जमीन राजाच्या आसनाची. राजाने हो म्हटलं की झालं; मग बायकांनी कोयते घेऊन कुठेही जावं. नानांनी ते पुस्तक उलटंसुलटं पाहिलं, "बघू" म्हणाले, आणि बघायच्या आत शेतावर निघून गेले.

गावात एक माणूस मात्र असा होता की त्याचं सगळं बघून झालं होतं. कुळाचे कारभारी ओडुरो, नानांचे सख्खे मामा. त्यांना क्वार्टे साहेबांनी कानात सांगितलं होतं की करार झाला तर दरबाराला एक मोटार भेट मिळेल, उंच चाकांची, रस्ता नसला तरी चालणारी. आमच्याकडे धड रस्ता नव्हताच, त्यामुळे गाडी अगदी गरजेची होती. आणि राजा शेतावर असताना दरबाराची गाडी कोण वापरणार? कारभारी. मोठं कष्टाचं काम, पण करणार कोण दुसरं?

पाहुणा येणार असा निरोप आला, तशी राजमाता सेर्वाने बडूला बोलावून घेतलं. राजमाता म्हणजे नानांची थोरली बहीण. पुढचा राजा कोण हे तीच सुचवते, म्हणून तिला सगळे घाबरतात. नसती सुचवत तरी घाबरले असते.

"काय सांगणार आहेस पाहुण्याला?"

"नाना शेतावर गेलेत म्हणून सांगतो, आई."

"म्हणजे तो क्वार्टे म्हणेल, बरं, मग कारभाऱ्यांशी बोलतो. आणि ओडुरो काय म्हणेल?"

बडूने विचार केला. "गाडीचा रंग कुठला, म्हणेल."

"मग नाना घरीच आहेत. पाय सुजलाय. बाहेर येत नाहीत, आतून ऐकतात."

"आई, सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडचं नाही असं मी कधी बोललो नाही."

"त्यांच्या तोंडचं तू कधीच बोलला नाहीस रे बाबा. बोलला असतास तर या दरबारात रोज डोकी फुटली असती. जा, चपला पुसून ठेव त्याच्या."

नानांच्या रुंद, सोनेरी फुलं जडवलेल्या चपला बडूने स्वतःच्या पंच्याने पुसल्या आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी मांडल्या. मांडून झाल्या तरी तो वाकून त्या पुन्हा पुन्हा सारख्या करत होता, ते पाहून राजमाता भिंतीकडे बघत बसली. आत पंखा चालू केला. खोलीत माणूस असल्यासारखं वाटायला पंखा पुरतो.

पाहुण्याचं नाव लुंडस्कोव्ह. डेन्मार्कचा, ताडमाड, उन्हाने लालबुंद, आणि स्वभावाने वाईट नव्हे हो! त्याने भेट म्हणून आपल्याकडची महागाची वाइन आणली होती. क्वार्टेंनी चौकातल्या दुकानाशी गाडी थांबवून घाईघाईने श्नॅप्सच्या दोन बाटल्या घेतल्या, कारण आमच्या पूर्वजांचा घसा श्नॅप्सशिवाय ओला होत नाही. वाइन मग क्वार्टेंच्याच गाडीत राहिली. सरकारी माणसाला असे त्याग करावे लागतात.

दरबार भरलेला. एका बाजूला मानकरी, त्यांत ओडुरो. खिडक्यांशी बायका, त्यांत अफुआ. पाहुण्याला आमची भाषा येत नव्हती, दुभाष्याचं काम क्वार्टेंकडे. पाहुणा बसला आणि बसल्या बसल्या सुरू झाला, "तीन हजार एकर..." बडूने हात वर केला. आधी पाणी. पाणी झालं. मग बडूने काठी सरळ धरून नेहमीचं वाक्य म्हटलं.

"इकडे सगळं क्षेमकुशल आहे. चालून आलात ते तुम्ही. काय काम काढलंत?"

सगळं क्षेमकुशल! पण रीत म्हणजे रीत.

काम असं होतं. नदीकाठ पन्नास वर्षांसाठी. त्यावर यंत्राने कसावा, शेजारी कारखाना, कसाव्याचं पीठ, पिठाचा डिंक, डिंकाची पिंपं, पिंपं बोटीत. भाडं एकराला वर्षाकाठी दोन बाटल्या बिअरच्या किमतीचं. गार बिअरसुद्धा नव्हे, साधी. वर हजार नोकऱ्या, म्हणजे ज्या बायका आज स्वतःच्या शेतात स्वतःसाठी राबतात त्यांना त्याच शेतात दुसऱ्यासाठी राबायची संधी. सरकार दहा वर्षं कर घेणार नाही; अकराव्या वर्षापासून कंपनी तोट्यात जाईल, पण ते काही पुस्तकात नव्हतं, ते आपलं आम्हांला अनुभवाने माहीत.

"नानांच्या कानावर घालतो," म्हणून बडू आत गेला.

आत राजमाता नानांच्या पलंगावर पाय वर घेऊन शेंगा सोलत बसली होती. पंख्याचा सगळा वारा तिच्याकडे.

"ऐकलंत?"

"बहिरी नाहीये मी. बस."

"काय सांगू बाहेर?"

"काही सांगू नकोस. बस म्हटलं ना. अफुआचा गुडघा कसा आहे?"

"तेल लावतेय. आई, तिकडे ते लोक..."

"घाम फुटू दे त्याला. घे, शेंगा खा."

दोघांनी शेंगा खाल्ल्या. मग बडू बाहेर गेला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नाना काही बोलले नाहीत."

आयुष्यात एवढं खरं वाक्य त्याने दरबारात उच्चारलं नसेल. मानकऱ्यांत एकाला ठसका लागला. ओडुरोंचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. आत कुणी नाही, हे त्यांना माहीत होतं. ते सांगायला तोंड उघडावं, तर तोच शब्द बाहेर पडणार, आणि मेंढरं जमायच्या आत तो जाहीर करायची मुभा कारभाऱ्यालाही नव्हती. कारभारी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

पाहुणा आणि क्वार्टे कुजबुजले. पाहुण्याने एक शाळा वाढवली. बडू आत गेला, शेंगा खाऊन आला. नाना काही बोलले नाहीत. पाहुण्याने विहीर वाढवली, पन्नास वर्षांची तीस केली. नाना काही बोलले नाहीत. पाहुणा रुमालाने मान पुसू लागला. क्वार्टेंना म्हणाला, "सगळ्या आफ्रिकेत हिंडलो, पण इतका कणखर माणूस पाहिला नाही. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नाही म्हणता?"

क्वार्टेंनी ते बडूला विचारलं. "अजिबात नाही," बडू म्हणाला. आणि लगेच त्याला स्वतःचीच शिसारी आली. आपण आपल्या मित्राच्या मरणावर सौदा करतोय, आणि वर मजा वाटतेय आपल्याला! तो पुन्हा आत गेला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"पुसून घे," राजमाता म्हणाली. "तो असता तर पहिल्या फेरीतच विहिरीवर राजी झाला असता, माहितेय ना तुला? भिडस्त मेला." तिने मांडीवरची टरफलं झटकली. "आता जा आणि सांग. नदीकाठ बायकांचा, त्याला हात लावायचा नाही. कारखाना काढायचाय तर वरच्या खडकाळ माळावर काढ, तिथवर सडक बांध. कसावा बायका पिकवतील, तू बाजारभावाने विकत घे. वीस वर्षं. पटलं तर बस, नाहीतर तुझी वाट मोकळी."

बडूने ते चार लोकांत शोभेल असं करून सांगितलं. म्हणजे शेवटचं वाक्य गाळलं.

पाहुण्याने बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग तो हसला, उठला, आणि आतल्या दाराकडे तोंड करून नानांच्या चपलांना वाकून नमस्कार केला. म्हणाला, वरिष्ठांना विचारतो, पण हे जमण्यासारखं आहे. उलट शेती आपण करायची नाही म्हणजे डोक्याचा ताप कमी.

त्या संध्याकाळी गावात उखळात कसाव्याचं फुफू कुटण्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. अफुआने टोपली पुढे सरकवली, तर बडू म्हणाला, "आज नको कांदे." तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "वीस वर्षं म्हणजे आकोसुआची लेक पण त्याच मातीत राबेल," ती म्हणाली, आणि मग दोघांनीही एकेक कांदा उचलला, कारण हे ज्याच्या नावावर झालं तो माणूस थंड पेटीत एकटा होता आणि त्याला कुणी अजून निरोपही दिला नव्हता.

इकडे कारभारी ओडुरोंची झोप उडाली होती. नवा करार झाला तर दरबाराला मोटार कशाबद्दल? खडकाळ माळाबद्दल फार तर सायकल मिळाली असती. त्यांनी क्वार्टेंना फोन केला. काय बोलणं झालं ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कारभारी नवा झगझगीत केन्टे पांघरून शहराला जाणाऱ्या बसमध्ये बसले. कुणी विचारलं तर म्हणाले, नानांच्या तब्येतीची चौकशी करायला चाललोय. आजारी भाचा घरातच असताना शहरात कसली चौकशी, असं विचारायचीही सोय नव्हती. खिशात शाईची पेटी होती.

पुढच्या मंगळवारी पुन्हा दरबार भरला. या वेळी क्वार्टे आधी बोलले, तेही उभं राहून, कोटाची बटणं लावून.

"आनंदाची बातमी आहे! नानांनी थोर मनाने पुन्हा विचार केला. मूळ करारच त्यांना पसंत पडला. नदीकाठ, पन्नास वर्षं. गेल्या गुरुवारी त्यांनी स्वतः अंगठा उठवला."

त्यांनी कागद उंच धरला. खाली जांभळा अंगठा. शेजारी गुरुवारची तारीख. साक्षीदार म्हणून कारभारी ओडुरोंची सही, शेपूट काढलेली.

खिडकीशी बायकांत एक हुंकार उमटला आणि विरला.

"मी जातीने हजर होतो," ओडुरो म्हणाले. "नानांचा हात मीच धरला होता. एकदम शांत होते नाना. एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत."

आता सांगा, काय बोलायचं? अंगठा खोटा म्हणावा तर अंगठा शंभर टक्के नानांचाच. तारीख खोटी म्हणावी तर तीही खरी. खोटं होतं ते एवढंच, की नाना गुरुवारी जिवंत होते. आणि नेमकं तेवढंच कुणाला बोलता येत नव्हतं. ते जाहीर करायचा हक्क एकाच माणसाला, कुळाच्या कारभाऱ्याला. तो समोर बसून मिशीवरून बोट फिरवत होता. मागच्या दरबारात ज्या रीतीने त्याचं तोंड बांधलं, तीच आज राजमातेचं तोंड बांधून बसली होती. रीत सगळ्यांना सारखी.

राजमाता आज बाहेर आपल्या आसनावर होती. तिने बडूकडे पाहिलं. बडूने न पाहिल्यासारखं केलं.

लुंडस्कोव्ह खूश होता. स्वस्तातला सौदा परत मिळाला तर कोण नाखूश होईल? पण माणूस वाईट नव्हता, म्हणून त्याने विचारलं, "नानांची खात्री आहे ना? मागच्या वेळी फार ठाम होते."

"राजाची लहर," क्वार्टे म्हणाले. "ओच्यामे, रीतीप्रमाणे दरबाराला सांगून टाका. नाना म्हणतात, करार मान्य. एवढं झालं की जेवायला मोकळे."

सगळा दरबार बडूकडे वळला. एक वाक्य. त्याच्या तोंडून निघालं की ते नानांचं, आणि नानांचं झालं की नदीकाठ गेला. त्याने खिडकीकडे पाहिलं. अफुआ तिथे उभी होती, शेतातून तशीच आलेली, घोट्यापर्यंत चिखल. ती काही खुणावत नव्हती, रडत नव्हती, विनवत नव्हती. नुसती बघत होती, की आता हा माणूस काय करतो.

आणि बोललं तर काय जाईल तेही बडूला दिसत होतं. काठी जाईल. मेंढरं जातील, ती विकत घ्यायला अफुआचा या सालचा सगळा कसावा जाईल. वीस वर्षांचा तो चांगला करारही जाईल, कारण जो माणूस अंगठा उठवू शकत नाही तो आठवड्याआधी बाजारभावही ठरवू शकत नाही. कारखाना नाही, सडक नाही, विहीर नाही. काहीच मिळणार नाही. फक्त जे आहे ते राहील.

"ओच्यामे," ओडुरो दरडावून म्हणाले, "पाहुणे ताटकळलेत."

बडूने काठी दोन्ही हातांनी धरली, वाकला आणि ती जमिनीवर आडवी ठेवली. मानकऱ्यांत कुणीतरी "अरे, अरे!" म्हणालं. काठी खाली ठेवलेला ओच्यामे आमच्या दरबारात कुणी पाहिला नव्हता. त्याचे रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्यालाच कळेना. शेवटी त्याने ते पाठीमागे बांधले, शाळेत छडीच्या आधी बांधायचा तसे.

"आता बोलतोय तो नानांचा ओच्यामे नाही," तो म्हणाला. "बडू बोलतोय. अबेनाचा मुलगा, याव बडू. कारभारी, गेल्या गुरुवारी तुम्ही नानांचा हात धरलात म्हणता. गार लागला ना?"

ओडुरोंचं बोट मिशीवर थांबलं.

"बडू, तोंड सांभाळ."

"सव्वीस वर्षं सांभाळलं. गार लागला ना हात? लागणारच. पेटीतून काढलात ना तो. कुणी एक कापड तरी टाकलं होतं का हो त्याच्या अंगावर? का अंगठ्यापुरतंच उघडून पाहिलंत?" तो दरबाराकडे वळला. "नाना वारले. ऐका सगळ्यांनी. गेल्या महिन्यातच वारले. माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. अकुआमोआ वारला रे!"

आणि तो रडला. कांद्यावाचून, तोंड झाकल्यावाचून, मिशनच्या बागेत मार खाताना रडला होता तसा भोकाड पसरून रडला.

मग ओडुरो ताडकन उठले. "मेंढरं! सात मेंढरं! आणि ही काठी..."

पण त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण राजमातेने डोक्याचं फडकं ओढून जमिनीवर फेकलं होतं. "माझ्या भावा!" ती ओरडली. "माझ्या एकुलत्या भावा, तुला पेटीत ठेवून मी शेंगा खाल्ल्या रे!" खिडकीशी अफुआने डोक्यावर हात घेतले आणि तिच्यामागे सगळ्या बायकांनी. अख्ख्या गावाने महिनाभर आवंढे गिळून ठेवले होते, ते एकदम बाहेर पडले. मानकरी रडले, पाणी देणारा रडला, दारातला पहारेकरी कपाळ भिंतीवर टेकून रडला. बाहेर कुणीतरी विचारायला न थांबता मोठ्या ढोलावर पहिली टिपरी घातली. आणि सगळे रडताहेत, सख्खा मामा तेवढा कोरडा, हे बरं दिसणार नाही, म्हणून कारभारी ओडुरोंनीही दोन्ही हात वर करून हंबरडा फोडला. मनापासून होता तो. गाडी गेल्याचं दुःख काही लहान नसतं.

क्वार्टेंनी तो कागद हळूच घडी करून कोटाच्या आतल्या खिशात सरकवला. अंगठ्याची शाई, तारीख, साक्षीदार, सगळं आता दुसऱ्याच कामाला येण्यासारखं झालं होतं, आणि ते काम पोलीस करतात हे अक्रातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

एकट्या लुंडस्कोव्हला काही कळेना. एवढे लोक, एवढी छाती पिटणं, हा मघापर्यंत दगडासारखा उभा असलेला म्हातारा जमिनीवर बसून पोरासारखा रडतोय. तो घाबरून उभा राहिला. क्वार्टेंच्या बाहीला धरून, ढोलाच्या वर आवाज चढवून त्याने विचारलं, "काय झालं? काय म्हणतायत हे सगळे?"

क्वार्टेंनी बडूकडे पाहिलं, जमिनीवरच्या काठीकडे पाहिलं, आणि कोटाची बटणं सोडली.

"नाही म्हणतायत, साहेब," ते म्हणाले. "चला, निघू या."